घरातल्या माजी सैनिकाचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर कुठनं सुरुवात करायची

आमचे आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीत १५ वर्षं होते, पेन्शन घेऊन आल्यावर बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर (लोखंडी भाग कातायच्या मशीनवर) २६ वर्षं, आणि गेल्या वर्षी गेले. रक्षाविसर्जनाच्या दिवशी दोघं-तिघं बोलले, देशसेवा केली, स्वभाव मनमिळाऊ होता. खोटं काहीच नव्हतं त्यात, पण ऐकताना मला वाटत होतं की हे कुणाबद्दलही बोलता येईल, आमचे आप्पा यात कुठं आहेत? म्हणून वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका करायची ठरवली. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावोगाव माजी सैनिक आहेत, तेव्हा मी काय काय केलं ते सांगतो.

आधी माणसांकडं जाऊ नका, आधी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातनं सुटताना मिळतं ते पुस्तक, सापडलं तर अर्धं काम झालं, भरती कधी, सुटले कधी, मेडल कुठली, सगळं त्यात असतं. हरवलं असेल तर सर्व्हिस नंबर शोधा, मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, नंबर घालून तिथं अर्ज करायचा. मेडल सुटी पडली असतील तर कडेवर बघा, बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. समर सेवा स्टार म्हणजे १९६५ ची लढाई, पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार म्हणजे १९७१, आणि कुठल्या आघाडीला होते ते नावातच कळतं. चकचकीत करायला ब्रासो लावून घासू नका, ती अक्षरं झिजतात.

पत्रं असली तर पाकीट टाकून देऊ नका. जवान कुठं आहे ते पत्रात लिहीत नाही, पण पत्त्यात ५६ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर टपाल दिल्लीवरनं जायचं, ९९ एपीओ असेल तर कलकत्त्यावरनं, म्हणजे माणूस साधारण कुठल्या बाजूला होता याचा अंदाज येतो. आणि मनिऑर्डरची कुपनं! खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, आप्पांनी एकावर लिहिलंय, "म्हशीला पेंड कमी करू नका." माझ्यासाठी सगळ्या मेडलपेक्षा ते कुपन मोठं आहे.

आमच्या भागात कागद जुळवताना घोळ होतोच. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीच्या कागदावर मुंबई राज्य, मग म्हैसूर, १९७३ पासून कर्नाटक, म्हणजे घर तिथंच आणि राज्यं तीन. त्यात शाळेचा दाखला मराठीत, मिलिटरीचे कागद इंग्रजीत, रेशन कार्ड कन्नडमध्ये, आडनाव तिन्हीकडं वेगळं. कुठलं बरोबर यावर भांडत बसू नका, तिन्ही लिहा आणि कुठल्या कागदावरनं घेतलं ते शेजारी टाका. जन्मतारीख १ जून असली तर ती बहुतेक मास्तरांनी घातलेली, घरात विचारा, कुणीतरी सांगतंच की भाताची लावणी चालली होती तेव्हा झाला.

मग माणसं. इथं माझी चूक झाली, मी सगळ्यांना लढाईचंच विचारत सुटलो. १९७१ ची लढाई ३ डिसेंबरला सुरू होऊन १७ ला संपली, चौदा-पंधरा दिवस, आणि लेथ २६ वर्षं! मग त्यांच्याबरोबर काम केलेल्या मिस्त्रींकडं गेलो. आठवणी सांगा म्हटलं की माणूस गप्प होतो, म्हणून हातातल्या कामाचं विचारा. सकाळी आल्यावर पहिलं काय करायचे, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) कुठं ठेवायचे, जॉब (मशीनवर करायला घेतलेला भाग) बिघडला तर मालकाला कोण सांगायचं? मी आप्पांचा व्हर्नियर सोबत नेला होता, तो हातात घेतल्यावर ते मिस्त्री तासभर बोलले, नव्या पोराचा जॉब वाया गेला तर आप्पा शिफ्ट संपल्यावर थांबून दुसरा करून द्यायचे, घरात आम्हाला हे कधीच कळलं नव्हतं. ते कन्नडमध्ये बोलत होते, मोबाईलवर तसंच रेकॉर्ड केलं आणि पुस्तिकेत त्यांची दोन वाक्यं कन्नडमध्येच ठेवली, खाली मराठीत अर्थ दिला. मला तरी तेच बरोबर वाटतं.

बायकांना विचारल्याशिवाय लिहायला बसू नका. डिसेंबर ७१ मध्ये आई काय करत होती हे आम्ही ५० वर्षांत कधी विचारलंच नाही. कडेवर माझी आक्का, शेजारच्यांच्या रेडिओपुढं रोज संध्याकाळी, आणि पोस्टमन गल्लीत शिरला की आत जाऊन चुलीपुढं बसायची. हे सांगताना ती थांबली तर घाई करू नका, मोबाईल बंद करून चहा घ्या, राहिलेलं दुसऱ्या दिवशी.

लिहिताना मोठे शब्द काढत चला, शूरवीर, आधारवड, कर्तव्यदक्ष, असला शब्द आला की तिथं एक घडलेली गोष्ट घाला. आणि प्रेसला द्यायच्या आधी सगळं घरात मोठ्यानं वाचा. मी वाचत होतो, "१९८४ ला आप्पांनी स्वतःची लेथ घेतली", तेवढ्यात आई म्हणाली, "माझ्या पाटल्या मोडून घेतली, ते लिही की."

ते लिहिलं. अक्षर १६ पॉइंटचं ठेवलं, वाचणारे सगळे सत्तरीच्या पुढचे म्हणून, आणि कुपनाचा फोटो मधल्या पानावर घातला.