प्लायमध्ये सीएनसीनं खाचा आणि भोकं: फळी नीट बसायची असेल तर

उदाहरणाला पुस्तकांच्या कपाटाची बाजू घेऊ. १८ एमएमचा बीडब्ल्यूआर (ओल सोसणारा) प्लाय, पक्क्या फळ्यांसाठी ६ एमएम खोल आडव्या खाचा, आणि हलत्या फळ्यांच्या पिनांसाठी ५ एमएमची भोकं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन, जुळलेलं आहे, ड्रॉइंग तयार आहे, खालचा एमडीएफचा बोर्ड सपाट करून घेतला आहे, असं धरून चालतो.

शीट स्क्रूनं आवळा, बिटच्या (फिरत्या कापणाऱ्या पात्याच्या) वाटेत स्क्रू येणार नाही अशा बेतानं. मध्याजवळही एखादा हवाच. प्लायला बाक असतो, आणि मधला भाग वर उचललेला राहिला की तिथं खाच जास्त खोल जाते. झेडचं शून्य, म्हणजे खोली जिथून मोजायची ती जागा, खाचांसाठी प्लायच्या वरच्या पृष्ठावर, आरपार कापासाठी खालच्या बोर्डावर.

खाचेला दोन धारांचं ६ एमएम डाउनकट, म्हणजे भुसा खाली दाबणारं, बिट लावा. अपकट बिट भुसा वर ओढून छान बाहेर काढतं, पण प्लायच्या वरच्या पापुद्र्याची कड उचकटतं. प्लाय म्हटलं की कॉम्प्रेशन बिट (टोकाला अपकट, वर डाउनकट), असं सगळीकडे सांगतात. उथळ खाचेसाठी हा सल्ला चुकीचा आहे. त्या बिटचं टोक अपकट असतं आणि तेवढा भाग पूर्ण लाकडात शिरल्याशिवाय वरची कड साफ येत नाही. ३-३ एमएमच्या दोन पासमध्ये (फेऱ्यांमध्ये) तुम्ही नुसत्या अपकटनंच कापत असता. बाजू आरपार कापून काढताना मात्र कॉम्प्रेशनच वापरा, आणि पहिला पास पुरेसा खोल घ्या.

‘नवीन आहात, हळू चालवा’ हा दुसरा वाईट सल्ला. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) जोरात आणि फीड (बिट पुढं सरकण्याचा वेग) संथ असेल तर बिट कापत नाही, घासतं. तापतं, धार जाते, प्लाय काळा पडतो. १६,००० आरपीएम, दोन धारा, दर फेऱ्याला दर धारेनं ०.१ एमएम, म्हणजे फीड मिनिटाला ३,२०० एमएम. हलक्या मशीनला हे झेपत नसेल तर दोन्ही एकत्र खाली आणा: १२,००० आरपीएम आणि साधारण २,००० एमएम. जो भुसा पडतो त्यात कपच्या दिसल्या पाहिजेत. पीठ पडत असेल तर फीड वाढवा.

आता खाचेची रुंदी. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथं, आणि बहुतेक फर्निचर बिघडतं तेही इथंच.

१८ एमएम म्हणून आणलेला प्लाय मोजला तर बरेचदा साडेसतराच्या आसपास भरतो, आणि एकाच शीटमध्येही जाडी कमी-जास्त असते. ड्रॉइंगमध्ये १८ लिहून कापलेल्या खाचेत अशी फळी खुळखुळते. म्हणून जी फळी खाचेत बसणार तीच व्हर्नियरनं मोजा, पाच-सहा जागी. करवतीच्या काठाला पापुद्रे उचललेले असतात, तिथलं माप फसवं. जरा आत मोजा. सरासरी काढू नका, सगळ्यात मोठं माप धरा. सनमायका लागणार असेल तर तो चिकटवून, सुकल्यावर मोजा. दोन्हीकडे एक-एक एमएमचा सनमायका म्हणजे जाडी दोन एमएमनं वाढली, हे गणित कागदावर ठीक आहे. गोंदाचा थर त्यात धरलेला नसतो. कॅलिब्रेटेड (जाडी एकसारखी करून आलेला) प्लाय मिळत असेल तर तोच घ्या. जास्त दिलेले पैसे इथं वसूल होतात.

दुसरं माप बिटचं. ६ एमएमचं बिट ६ एमएमच कापेल असं समजू नका. धार लावून आलेलं बिट बारीक झालेलं असतं. कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) भुसा अडकला तर बिट डगमगतं आणि जास्त रुंद कापतं. त्याच शीटच्या वाया जाणाऱ्या तुकड्यावर दोन चाचणी खाचा कापा, एक एक्सच्या दिशेत, एक वायच्या. ड्रॉइंगमध्ये १८.० असताना खाच १७.९ आली, तर सॉफ्टवेअरमध्ये बिटचा व्यास ५.९ भरा. ड्रॉइंगला हात लावू नका. तिथं मापं बदलत बसलात तर बिट बदललं की सगळी पुन्हा चुकतात. दोन दिशांच्या खाचांमध्येच फरक असेल तर दोष बिटचा नाही, मशीनच्या अक्षाचा. तो काढल्याशिवाय पुढं जाऊ नका.

फळीच्या रुंदीचंच बिट लावून एका फटक्यात खाच मारू नका. रुंदी कमी-जास्त करायची सोयच उरत नाही. ६ एमएमच्या बिटनं दोन्ही भिंतींना ०.३ एमएम सोडून आतला माल काढा, मग पूर्ण खोलीवर एक हलका फिनिशिंग पास द्या. भरल्या लाकडात बिट वाकतं, या पासमध्ये जवळपास नाहीच. चाचणीची खाचही अशीच कापलेली हवी, नाहीतर तिच्या मापाचा उपयोग नाही.

आणि खाच फळीपेक्षा ०.१५ ते ०.२ एमएम मोठी ठेवा. कोरडी असतानाच हातोडी लागत असेल तर फेविकॉल लावल्यावर फळी मध्येच अडकेल, कारण त्यातल्या पाण्यानं लाकूड फुगतं. हातानं दाबत सरकली पाहिजे आणि बाजू उलटी धरली तरी पडता कामा नये.

कडेपर्यंत न जाणाऱ्या खाचेचे कोपरे गोल राहतात. पटाशीनं चौकोनी करा किंवा फळीचा कोपरा कापा.

भोकं सोपी आहेत, एक गोष्ट सोडून: डाउनकट बिट सरळ खाली खुपसू नका. भुसा बाहेर यायला वाट नसते, बिट जागच्या जागी घासतं, धूर निघतो आणि तो निखारा व्हॅक्युमच्या पिशवीत ओढला जातो. ५ एमएमच्या भोकाला ३ एमएमचं अपकट बिट गोल फिरवत खाली न्या. पिनांची भोकं ३२ एमएम अंतरावर, १० एमएम खोल. दाराच्या हिंजची (बिजागरीची) वाटी बसते त्या ३५ एमएमच्या कपालाही हीच गोल फिरती चाल, ६ एमएमच्या बिटनं. खोली हिंजच्या पाकिटावरची.

काम संपलं तरी शीट लगेच सोडू नका. त्याच फळीचा तुकडा प्रत्येक खाचेत, तिन्ही-चारही जागी, बसवून बघा. कुठं अडत असेल तर शून्य न हलवता, बिटचा व्यास ०.१ एमएमनं कमी भरून तेवढ्याच खाचेचा फिनिशिंग पास पुन्हा चालवा. स्क्रू त्यानंतर काढा.