शेतघरासाठी इलेक्ट्रिक गाडीची जुनी बॅटरी घेताय?

मुरबाड-शहापूरकडे चिमुकलं घर बांधणारे ठाणेकर अशी बॅटरी घ्यावी का, हे हल्ली हमखास विचारतात. क्षमता ७०-८० टक्क्यांवर आली की बॅटरी गाडीला अपुरी पडते, पंखा-दिव्यांना मात्र पुष्कळ होते.

घ्यायची तर एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलची. तापायला इतर लिथियमपेक्षा सोशिक, आणि ३.२ व्होल्टचे १६ सेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडले की ५१.२ व्होल्ट, ४८ व्होल्टच्या इन्व्हर्टरला चपखल. अख्खा पॅक स्वतः उघडू नका. आत बहुधा ३०० व्होल्टच्या वर असतात. सुटे काढलेले सेलच आणा.

विकणारा मल्टीमीटर लावून ३.३ व्होल्ट दाखवेल. भुलू नका! अर्धा भरलेला सेलही जवळपास तेवढंच दाखवतो. सेल ३.६५ पर्यंत भरा, लोड लावून २.५ पर्यंत उतरवा आणि निघालेले अँपिअर-अवर, म्हणजे सेलची खरी क्षमता, मार्करने सेलवरच लिहा. फुगलेला सेल फुकट मिळाला तरी नको.

समजा, प्रत्येक सेलचे ७५ अँपिअर-अवर निघाले. म्हणजे १६ सेल जोडून जवळपास ३.८ युनिट, त्यातले ३ वापरायचे. ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास आणि ९ वॅटचे चार दिवे पाच तास मिळून पाऊण युनिटच्या आसपास; ढगाळ तीन दिवस निघतात. (यात फ्रिज आणलात तर हिशेब कोलमडला.)

बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून त्यांना जपणारा सर्किट बोर्ड, हवाच. बॅटरीजवळ डीसी फ्यूज टाका. घरातला एसी एमसीबी तिथे चालत नाही, डीसीची ठिणगी त्याने विझत नाही. बॅटरी पत्र्याखाली किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका.