गल्लीचा शॉर्टकट झालाय? अर्ज टाकायच्या आधी हे करा

पुण्यात हे आता जवळपास प्रत्येक एरियात चाललंय. मेन रोडवर मेट्रोचं नाहीतर फ्लायओव्हरचं काम निघतं, मॅप सगळ्यांना आतल्या गल्लीतून वळवतो, आणि पुढे काम संपलं तरी लोकांना रस्ता कळलेला असतो, ते काय परत जात नाहीत. २०२० मध्ये विद्यापीठ चौकातला पूल पाडला त्यानंतर आतल्या रस्त्यांचं काय झालं ते औंध-बाणेरवाल्यांना विचारा. मग सोसायटीच्या ग्रुपवर रोज फोटो, "कोणीतरी काहीतरी करा", आणि शेवटी एक अर्ज जातो की आमच्या भागात वाहतूक फार वाढली आहे तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती. असल्या अर्जाचं पुढे काही होत नाही, कारण कुणी नक्की काय करायचं हेच त्यात नसतं. "योग्य ती कार्यवाही" म्हणजे काय ते तुम्हीच ठरवून द्यायचं असतं.

त्यासाठी आधी मोजा. खरंच मोजा, अंदाजपंचे "हजारो गाड्या" लिहू नका. मंगळवार ते गुरुवारमधला कुठलाही दिवस घ्या, सण नको, शाळांना सुट्टी नको. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५.३० ते ८.३०, पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडून टू-व्हीलर, रिक्षा, कार, टेम्पो-ट्रक असे वेगळे रकाने. कॉलेजची पोरं आनंदाने करतात, पोहे द्या फक्त.

पण नुसता आकडा पुरत नाही, कारण ऑफिसात पहिला प्रश्न हाच येतो की या गाड्या तुमच्याच सोसायट्यांच्या नाहीत कशावरून. म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांना एकेक माणूस बसवा आणि अर्धा तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहून काढा (किंवा दोन्ही टोकांना मोबाईल लावून व्हिडिओ घ्या, मग घरी बसून बघा). एका तोंडाने शिरलेली गाडी दोन-तीन मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली म्हणजे ती फक्त पास होतेय, तिचं गल्लीत काही काम नाही. शंभरातल्या किती गाड्या अशा, हा एक आकडा तुमच्या अख्ख्या अर्जाला पुरतो. अर्जात गाड्यांचे नंबर टाकू नका, फक्त बेरीज द्या.

स्पीडची तक्रार असेल तर रस्त्यावर खडूने ५० मीटरच्या दोन खुणा करा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर वेळ बघा. सहा सेकंद लागले तर ३० चा स्पीड, साडेचार लागले तर ४०, आणि साडेतीनच्या आसपास आला तर भाऊ ५० च्या वर आहे.

मोजतानाच एक गोष्ट दिसेल आणि ती मान्य करावी लागेल. बऱ्याच गल्ल्यांत जॅम होतो तो बाहेरच्या गाड्यांमुळे कमी आणि दोन्ही बाजूंना आपल्याच लोकांच्या गाड्या उभ्या असतात त्यामुळे जास्त. तिथे पी-१ पी-२ पार्किंग (एक दिवस या बाजूला गाड्या लावायच्या, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला) मागितलंत तर निम्मं काम होतं, फक्त ते मागायला ग्रुपवर कुणी तयार नसतं!

आता कुणाकडे जायचं. वन-वे, नो-पार्किंग, जड वाहनांना ठराविक वेळेत बंदी हे सगळं ट्रॅफिक पोलिसांचं काम, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ आणि ११६ खाली वाहतूक शाखेचे उपायुक्त आदेश काढतात, बहुतेक वेळा आधी प्रायोगिक तत्त्वावर, आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवतात. स्पीडब्रेकर, पट्टे, फुटपाथ हे महापालिकेचं, म्हणजे पथ विभाग आणि तुमचं क्षेत्रीय कार्यालय. एकच अर्ज दोघांकडे द्या आणि वर दोघांचीही नावं लिहा, नाहीतर हे म्हणणार ते करतील आणि ते म्हणणार हे. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. नगरसेवकाला कॉपी द्या, पण फक्त त्याच्या भरवशावर राहू नका.

मागणी अशी लिहा: "सकाळी ८.३० ते १०.३० या वेळेत अमुक चौकाकडून तमुक चौकाकडे एकेरी वाहतूक एक महिना प्रायोगिक तत्त्वावर करावी, मोजणीचा तक्ता व नकाशा सोबत जोडला आहे." बास. एका अर्जात दोन मागण्या, फार तर तीन.

स्पीडब्रेकर मागणार असाल तर "स्पीडब्रेकर द्या" एवढंच लिहू नका, नाहीतर रात्रीत कुणीतरी डांबराचा उंचवटा टाकून जातं आणि म्हाताऱ्यांच्या कंबरा जातात. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकात माप दिलेलं असतं, १९८८ च्या आवृत्तीत ते होतं गोलसर उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, २५ च्या स्पीडने आरामात जाता येईल असा, वर पट्टे आणि ४० मीटर आधी बोर्ड; २०१८ मध्ये हे मानक सुधारलंय. सध्याचं माप बघून ते अर्जातच टाका. आणि तो कुणाच्या खिडकीसमोर येणार हे आधी बघा, कारण रात्रभर ब्रेक आणि परत ॲक्सिलरेटर, हा आवाज त्याच घराला ऐकावा लागतो आणि मग पहिली हरकत त्यांचीच येते. डांबराचं काम पावसाळ्यात होत नाही, त्यामुळे मे मध्ये जागे होऊन उपयोग नाही, दिवाळीनंतर लगेच मागे लागा.

वन-वे मागायच्या आधी गल्लीतल्या दुकानदारांशी, शाळा असेल तर स्कूलव्हॅनवाल्या काकांशी आणि शेजारच्या गल्लीशी बोला. तुमच्याकडून हटलेल्या गाड्या त्यांच्याकडे जाणार हे त्यांनाही कळतं, आणि न सांगता केलंत तर महिन्याभरात त्यांचा उलटा अर्ज तुमच्यापेक्षा जास्त सह्यांचा असतो. शिवाय वन-वे झाला की तुम्हालाही दूध आणायला वळसा पडणार, हे मीटिंगमध्ये स्पष्ट सांगून मगच सह्या घ्या.

स्वतःचं गेट, साखळी, कुंड्या, दगड, यातलं काही रस्त्यावर लावायचं नाही. रस्ता महापालिकेचा असेल तर तो सगळ्यांचा आहे, आणि अँब्युलन्स किंवा अग्निशमनची गाडी अडली तर तुमची सगळी बाजू गेली.

स्थळपाहणीला इंजिनिअर येतो तेव्हा शक्यतो गर्दीच्या वेळेलाच बोलवा, दुपारी तीनला आला तर त्याला मोकळा रस्ताच दिसणार. महिनाभरात काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात "का केलं नाही" असं विचारू नका. आवक क्रमांक देऊन त्या अर्जावर काय शेरे झाले आणि स्थळपाहणी अहवालाची प्रत, एवढंच मागा.

आणि प्रायोगिक आदेश निघालाच तर त्याच दिवसांत, त्याच वेळेला परत मोजणी करून तक्ता हरकती-सूचनांच्या मुदतीत जमा करा, कारण तेव्हा विरोध करणारे हमखास लिहितात आणि ज्यांना बरं वाटतंय ते गप्प बसतात.