स्वेटर तिरका, दोष चातीवर: कताई-विणकामातल्या या चुका टाळा

हाताने कातलेल्या लोकरीचा माझा पहिला स्वेटर गोल सुईवर, खालपासून वरपर्यंत अखंड विणला होता. बाजूची रेघ कळावी म्हणून काखेच्या सरळ खाली एक उलट टाका ठेवला होता. स्वेटर धुऊन वाळवला, अंगात घातला आणि पाहते तर ती रेघ काखेतून निघून बेंबीपाशी उतरलेली. आधी वाटलं हात तिरका पडतो. मग सुया बदलल्या. दोनदा उसवून पुन्हा विणला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं चाललं होतं, कारण विणकामात काहीच चुकलं नव्हतं. चूक चार महिन्यांपूर्वी चातीवर, म्हणजे धागा कातायच्या फिरत्या काडीवर, झाली होती.

या छंदाचा त्रासच हा आहे. चूक जिथे दिसते तिथे ती बहुतेक वेळा झालेली नसते. सुईवर दिसते ती कताईत झालेली असते आणि कताईत दिसते ती साठ्याच्या पिशवीत. म्हणून पुढे लक्षण धरून मागे जायचं आहे.

कापड तिरकं जातंय

धाग्याला पीळ दिला की त्याला उलगडायची ओढ लागते. एकेरी धाग्यात ही ओढ रोखणारं कुणी नसतं. असा धागा सगळा सुलट दिसणाऱ्या विणीत विणला की प्रत्येक टाका थोडा कलतो, आणि दोनशे टाक्यांचा कल एकाच दिशेने झाला की अख्खं कापड फिरतं. उपाय जुना आहे: दोन एकेरी धागे एकत्र घेऊन ते कातले त्याच्या उलट दिशेने पिळायचे. चाती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून कातलं असेल, तर दुपदरी करताना काट्यांच्या विरुद्ध. तोच पहिला पीळ काही अंशी सुटतो, दुसरा बसतो आणि ओढ मिटते.

चुकून दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरवलं तर हातात येते ती लोकर नव्हे, सुतळी. कडक, वेटोळी घालणारी. हे माझ्याकडून दोनदा झालंय, कारण कताई आणि दुपदरी करणं यांत तीन आठवडे गेले होते आणि दिशा आठवत नव्हती. आता चातीलाच चिठ्ठी बांधते.

इथे एक बारीक गोम आहे, आणि ती मला फार उशिरा कळली. दुपदरी केलेली लडी टांगून पाहायची, ती सरळ उघडी लोंबली तर पीळ बरोबर, असं सगळे सांगतात. पण चातीवर आठ-पंधरा दिवस पडलेल्या धाग्यातला पीळ झोपलेला असतो. त्याला पाणी लागलं की तो जागा होतो. त्यामुळे कोरडी असताना सरळ लोंबणारी लडी धुतल्यावर वळते, आणि कोरडी असताना थोडी जास्त पिळलेली वाटणारी लडी धुतल्यावर शहाण्यासारखी लोंबते. म्हणून निवाडा धुतलेल्या लडीवर करायचा. आणि कातताना, धागा ताजा असतानाच, हातभर तुकडा सैल सोडून त्याला स्वतःभोवती वळू द्यायचं. तो जसा वळेल तेवढाच पीळ दुपदरी करताना हवा. तो नमुना तोडून गाठ मारून जवळ ठेवा. नंतर डोळ्यांना मोजमाप मिळतं.

ओल्या लडीला वजन टांगून ती सरळ करायची युक्ती करू नका. वजनाने पीळ जात नाही, फक्त ताणून गप्प बसवला जातो. पहिल्याच धुण्यात तो परत येतो, आणि तोवर स्वेटर झालेला असतो.

एकेरी धागाच वापरायचा हट्ट असेल तर वीण बदला. सुलट आणि उलट टाके सारख्या प्रमाणात असलेल्या विणीत एकाचा कल दुसरा खाऊन टाकतो.

धागा तुटतो, किंवा कुठे दोरी कुठे केस

पीळ आधी बारीक जागी पळतो. नवशिक्याच्या बहुतेक तक्रारी या एका वाक्यात मावतात. एके ठिकाणी धागा बारीक झाला की सगळा पीळ तिथे जमतो, ती जागा तारेसारखी कडक होते, आणि शेजारच्या जाड भागाला पीळच उरत नाही. धागा तुटतो तो बऱ्याचदा त्या जाड, भुसभुशीत भागातच, कारण तिथले तंतू एकमेकांवरून घसरून सुटतात. आपण मात्र तुटला म्हणजे फार बारीक कातला असं समजून पुढचा धागा आणखी जाड काढतो!

दुसरं कारण दोन हातांमधल्या अंतराचं. पेळूतला, म्हणजे कातायला पिंजून केलेल्या वळीतला, तंतू जेवढा लांब, त्याहून थोडं जास्त अंतर दोन हातांत हवं. अंतर कमी असेल तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतात आणि तुम्ही स्वतःशीच रस्सीखेच खेळता. खेचून खेचून बोटं दुखतात, मग एकदम गठ्ठा सुटतो. अंतर फार वाढलं तर तंतू संपतात आणि धागा विरतो. कापसाचा तंतू साधारण अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, लोकरीचा जातीप्रमाणे त्याच्या दुप्पट, तिप्पट, कधी पाचपट. म्हणून लोकरीवर बसलेला हात कापसावर पहिले काही दिवस फसतोच.

चातीचं वजनही पाहा. जड चाती बारीक धाग्याला पेलत नाही. कापसासाठी चाती हवेत लोंबकळवण्यापेक्षा हलक्या टकळीचं टोक वाटीत टेकवून फिरवावं, म्हणजे धाग्यावर भारच येत नाही. हलक्या चातीवर जाड धागा काढायला गेलात तर ती चार फेरे घेऊन थांबते आणि उलटी फिरते. तुमचं लक्ष हातांकडे असतं तेवढ्यात पीळ सुटतो आणि चाती पायावर पडते.

चातीऐवजी पायाने चालवायचं कताईचं चाक वापरत असाल तर नियम सोपा. इथे ओढ म्हणजे चाक धागा आत खेचतं तो जोर. धागा हातातून हिसकावला जात असेल तर ओढ सैल करा. हातापुढे धाग्याची डुकराच्या शेपटीसारखी वेटोळी होत असतील तर ओढ वाढवा किंवा पाय हळू मारा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

जोड देताना कडक पिळलेल्या टोकावर नवा पेळू ठेवू नका, तो चिकटत नाही. टोकाचा पीळ उलगडून तंतू मोकळे करा, नवे तंतू बोटभर त्यावर पसरा, मग पीळ आत सोडा.

आणि हे सगळं बरोबर असूनही पेळू खेचलाच जात नसेल तर हात निर्दोष आहेत. तो पेळू पिशवीत दोन वर्षं दाबून ठेवलेला असणार. तंतू एकमेकांत दबून बसतात. पेळू हलक्या हाताने उभा फाडून मोकळा करा, नाहीतर पुन्हा पिंजा. न धुतलेली लोकर ठेवून दिली असेल तर आणखी वाईट. तिच्यातला मेणचटपणा काळाबरोबर घट्ट आणि चिकट होतो. ती धुवायची ती लवकर, साठेक अंशांच्या गरम साबणपाण्यात, आणि पाणी निवण्याआधी बाहेर काढायची. पाणी निवलं की सुटलेलं मेण परत लोकरीवर बसतं.

एवढं गरम पाणी म्हटलं की लोक घाबरतात. लोकर आवळून तिचा नमदा होतो तो नुसत्या उष्णतेने नव्हे. गरम पाणी, साबण आणि चोळणं ही तिन्ही एकत्र आली की होतो, किंवा गरमातून थेट थंडात टाकल्याने. बुडवा, सोडा, उचला. लडी असेल तर चार ठिकाणी सैल बांधून मगच भिजवा. न बांधता भिजवलेल्या लडीचं काय होतं ते एकदाच कळतं.

नमुन्याचा चौकोन

मलाही स्वेटरआधी टाक्यांचं माप बघायला छोटा नमुना विणायचा कंटाळा येतो. पण हिशेब बघा. स्वेटरच्या छापील कृतीत १० सेंटिमीटरला २२ टाके आहेत, छातीचा घेर १०० सेंटिमीटर, म्हणजे २२० टाके. तुमचा हात थोडा सैल, १० सेंटिमीटरला २० टाके बसतात. तेच २२० टाके ११० सेंटिमीटर होतात. फक्त दोन टाक्यांचा फरक, आणि स्वेटरात शेजारी मावतो.

चौकोन १५ सेंटिमीटरचा तरी विणा आणि मधले १० मोजा. कडेचे टाके खोटं बोलतात. मोजायचं धुऊन वाळल्यावर. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली लोकर पाण्यात पडली की चांगलीच लांबते. स्वेटर गोल विणायचा असेल तर नमुनाही गोल विणा, कारण पुष्कळांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल असतो आणि गोल विणताना तो येतच नाही.

हातकताईत याहून मोठा सापळा आहे. नमुना तुम्ही एका लडीचा विणता, स्वेटर आठ लड्यांचा असतो. पहिली लडी आणि आठवी यांत काही महिने जातात आणि तेवढ्यात हात सुधारलेला असतो, म्हणजे धागा बारीक झालेला असतो. पाठ जाड, पोट पातळ. यावर दोन गोष्टी करते. पहिल्या दिवशीच्या धाग्याचा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून समोर ठेवते आणि अधूनमधून ताजा धागा त्याच्या शेजारी धरते. विणताना दोन लड्या घेऊन दर दोन ओळींनी आलटून पालटून वापरते. रंगवलेल्या लोकरीच्या दोन घाण्यांत छटा वेगळी आली असेल तरी हीच युक्ती लागू पडते.

सुईवरच्या किरकोळ खोड्या

टाके आपोआप वाढताहेत? ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे टाकला जातोय, त्यामुळे पहिला टाका दोन असल्यासारखा दिसतो आणि तुम्ही दोन्ही विणता. धागा सुईखालून न्या. मध्येच भोक पडलं तर धागा पुढे राहून सुईवर वेढा बसला आहे.

टाके पायात पाय अडकवल्यासारखे दिसतात? उलट टाका घेताना धागा सुईभोवती विरुद्ध बाजूने फिरतोय.

गळलेला टाका दिसला की घाबरून सगळं उसवू नका. क्रोशाच्या सुईने एकेक पायरी चढवत वर आणा. नक्षीच्या विणीत मात्र हे जमेलच असं नाही. तिथे दर दहा-बारा ओळींनी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून ठेवावा. उसवणं तिथवर येऊन थांबतं.

सुलट विणीच्या पट्टीच्या कडा वळतात ही चूक नव्हे, त्या विणीचा स्वभाव आहे. कितीही ताणून वाळवा, ती वळणारच. कडेला चार टाके प्रत्येक ओळीत सुलट घ्या. आणि गळा डोक्यातून जात नसेल तर टाके बंद करताना दोन नंबर जाड सुई घ्या.

धागा पुरेल का, ही धाकधूक असेल तर गुंडा तोला, दोन ओळी विणा, पुन्हा तोला. काटा नसेल तर ढोबळ मान असं: एका ओळीला विणीच्या रुंदीच्या तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायला तिपटीहून थोडा जास्त.

साठा

आता खरं दुखणं. साठा वाढतो याची मला लाज नाही; तो एकेकट्या लड्यांनी वाढतो याची आहे. प्रौढाच्या मध्यम जाडीच्या, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण १००० ते १४०० मीटर धागा लागतो. शंभर ग्रॅमच्या एका लडीत त्यातले दोनशेच्या आसपास असतात. म्हणून कपाट भरलेलं आणि विणायला काही नाही. पेळू गोळा करणाऱ्यांनी आणखी एक गुणाकार करावा: १००० मीटर दुपदरी म्हणजे २००० मीटरहून जास्त एकेरी आधी कातायचा आणि मग तो सगळा पुन्हा एकदा हाताखालून जायचा.

लेबल नसलेला धागा कशाचा हे ओळखायचं असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून धातूच्या ताटलीवर पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख चुरडली जाते. कापूस कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. मिश्र धाग्यात मात्र खुणाही मिसळतात.

गुंडे ताणून, घट्ट गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवू नका, धाग्यातली लवचीकता जाते. लडीच ठेवावी, विणायला घेताना गुंडा करावा.

आणि कसर. फुलपाखरासारखं उडणारं ते फिकट सोनेरी पाखरू काही खात नाही. खाते ती त्याची अळी. तिला अंधार आवडतो, कुणी हात न लावलेला कोपरा आवडतो, आणि घाम किंवा मेण लागलेली लोकर सगळ्यात जास्त आवडते. न धुता ठेवलेला स्वेटर म्हणजे तिला आमंत्रण. डांबरगोळ्यांवर विसंबू नका. त्यांचा वायू पूर्ण बंद डब्यात साठला तरच काम करतो, श्वासाला वाईट असतो आणि लोकरीला लागलेला त्याचा वास पुढे जाता जात नाही. वाळूसारखे बारीक कण, जाळीसारखे धागे किंवा लडीतून सुटणारे तुकडे दिसले तर ती लडी लगेच वेगळी करा, हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर लोकरीवर दव धरतं. शेजारच्या लड्यांनाही हीच वागणूक, त्या निर्दोष दिसल्या तरी. बाकी सगळं महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर काढून झटका. साठा कुणाला दाखवायला तेवढंच निमित्त.

त्या तिरक्या स्वेटराचं पुढे असं झालं. पुन्हा उसवला, धुतला, आणि दोन-दोन धागे घेऊन उलट दिशेने दुपदरी केला. धागा जाड झाला, लांबी निम्म्यावर आली, स्वेटर काही होईना. बिनबाह्यांची बंडी झाली. बाजूची रेघ काखेतून निघते आणि काखेखालीच उतरते, मी अजून दर धुण्यानंतर बघते.