टर्बो गाडीत साधं पेट्रोल की प्रीमियम? नागपूरकरांनी असं ठरवावं

वर्धा रोडवरच्या पंपावर टर्बो गाडी लावली की नोझल हातात धरलेला पोरगा विचारतो, "भाऊ, साधं टाकू का प्रीमियम?" मागे रांग असते, ऊन डोक्यावर असतं, आणि बरेच जण गाडीच्या किमतीकडे बघून उत्तर देऊन टाकतात. खरं तर हे इंजिनाच्या गरजेवर ठरतं, आणि ती गरज घरी पार्किंगमध्येच कळते.

प्रीमियममध्ये ऑक्टेनचा आकडा सहसा जास्त असतो, पण म्हणून ते जास्त ताकदीचं पेट्रोल, हा समज आधी सोडा. पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे, हे ऑक्टेनच्या आकड्यावरून कळत नाही. दाब आणि उष्णता वाढली तरी आपोआप पेट न घेता ते किती टिकून राहतं, एवढंच त्यातून कळतं. टर्बो इंजिनात हवा दाबूनच आत येते आणि पिस्टन तिला आणखी दाबतो. ऑक्टेन कमी पडलं तर स्पार्कची ज्योत पोहोचायच्या आतच मिश्रणाचा एखादा कोपरा भडकतो. यालाच नॉकिंग म्हणतात. आजच्या गाड्यांमधला नॉक सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, स्पार्क थोडा उशिरा देतो. त्यामुळे इंजिन वाचतं, पण पिकअप आणि मायलेज दोन्ही घटतात.

उलट, 91 ऑक्टेनसाठी बनवलेल्या इंजिनात 100 ऑक्टेन ओतून हाती काहीच लागत नाही. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2016 मध्ये चाचण्या घेऊन हेच सांगितलं होतं. गरज नसताना प्रीमियम भरून तिथल्या लोकांनी वर्षभरात 2.1 अब्ज डॉलर वाया घालवल्याचा अंदाजही तिने दिला होता.

पायरी 1: झाकण उघडा

पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहुतेक गाड्यांत स्टिकर असतो. त्यावर 'किमान 91 रॉन', 'किमान 95 रॉन' असं काहीतरी लिहिलेलं असतं (रॉन म्हणजे ऑक्टेन मोजायची एक पद्धत). तेच मॅन्युअलमध्येही शोधा आणि शब्द नीट वाचा. 'आवश्यक' लिहिलं असेल तर तडजोड नको. 'शिफारस' लिहिलं असेल तर त्याखालचं इंधनही चालतं, फक्त कंपनीने सांगितलेली पूर्ण ताकद मिळणार नाही.

गाडी रिमॅप केली असेल, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं प्रोग्रॅमिंग (मॅप) बदललं असेल, तर स्टिकर विसरा. ज्याने ट्यूनिंग केलं त्याला मॅप कोणत्या ऑक्टेनवर बसवलाय ते विचारा आणि लेखी घ्या. 97 किंवा 98 च्या मॅपवर कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरून जोरात चालवणं म्हणजे पिस्टन पणाला लावणं आहे.

पायरी 2: आकडा कोणत्या देशाचा, ते बघा

यूट्यूबवर अमेरिकन मंडळी "91 प्रीमियम भरा" म्हणतात आणि आपल्याला वाटतं, 91 तर आपल्याकडे साधंच होतं! तिथे रॉन आणि मॉन या ऑक्टेनच्या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, आपल्याकडे फक्त रॉन. त्यांचं 91 म्हणजे आपलं साधारण 95-96, आणि त्यांचं साधं 87 म्हणजे आपलं 91 च्या आसपास.

पायरी 3: इथेनॉलचा हिशेब करा

गेल्या काही वर्षांत सगळ्यात मोठा बदल इथे झाला आहे. ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, फेब्रुवारी 2023 मध्ये आलं आणि आता पंपावरचं साधं पेट्रोल तेच आहे. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन 108 च्या पुढे असल्याने ई20 साठी मानकानेच किमान 95 रॉन ठरवलंय. म्हणजे स्टिकरवर 95 असेल तर ऑक्टेनपुरती साध्या पेट्रोलनेही गरज भागते. हे अजून कितीतरी लोकांच्या लक्षातच आलेलं नाही.

पण लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून मायलेज थोडं उतरतं. शिवाय एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल तर तिचे रबरी पाइप, सील आणि गॅस्केट ई20 साठी बनवलेत का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या. जुनी जर्मन किंवा इटालियन हॅचबॅक जपणाऱ्यांनी तर ऑक्टेनच्या आधी हा प्रश्न सोडवावा. इंडियन ऑइलचं एक्सपी100 इथेनॉलविरहित म्हणून विकलं जातं. ते डिसेंबर 2020 मध्ये 10 शहरांत आलं तेव्हा पहिल्या यादीत मुंबई-पुणे होते, नागपूर नव्हतं. म्हणून आपल्या भागातल्या कोणत्या पंपावर 100 ऑक्टेन खरंच मिळतं, ते निघण्याआधी फोन करून विचारा.

पंपावर 'पॉवर', 'स्पीड' अशा नावांवर जाऊ नका, आकडा विचारा. काही ब्रँडेड पेट्रोलचा भर इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या रसायनांवर असतो. त्यांचा इंजेक्टरला उपयोग होतो. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे तिथला कार्बन कोणत्याही पेट्रोलने निघत नाही.

पायरी 4: नागपूरचा उन्हाळा धरा

नवतप्यात पारा 45 च्या पुढे जातो. इंजिनात जाणारी हवा तापलेली, टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरला थंडावा कमी, आणि सीताबर्डीच्या गर्दीत गाडी रांगत असेल तर बॉनेटखाली भट्टी पेटलेली. अशा हवेत नॉकिंग लवकर होतं. ज्या गाडीला 95 'किमान' आणि 98 'शिफारस' आहे, तिला मे महिन्यात जास्त ऑक्टेन द्यायला माझी हरकत नाही. डिसेंबरच्या गारठ्यात शहरातल्या शहरात फिरणार असाल तर तोच खर्च टाळता येईल.

आणखी एक सवय लावा. कमी आरपीएमवर, वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबू नका. छोट्या टर्बो इंजिनांचं सगळ्यात वाईट नुकसान इथेच होतं, आणि ते महागड्या पेट्रोलनेही हमखास टळत नाही. आधी गिअर उतरवा, मग दाबा.

पायरी 5: स्वतः मोजून बघा

टाकी पाव भागावर आली की (कोरडी करू नका, आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो) एका प्रकारचं पेट्रोल फुल भरा. पहिली टाकी हिशेबात धरू नका, कारण जुनं पेट्रोल मिसळलेलं असतं आणि ईसीयूलाही जुळवून घ्यायला वेळ लागतो. दुसऱ्या टाकीवर भल्या पहाटे शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढा, क्रूझ कंट्रोल 100 वर ठेवा, एसी रोजच्यासारखा. परतल्यावर त्याच नोझलवर, पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा आणि किलोमीटरमागे रुपये काढा. मग दुसऱ्या पेट्रोलवर हेच करा. गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर असेल तर जोर लावताना इग्निशन टायमिंग किती मागे जातंय, म्हणजे स्पार्क किती उशिरा पडतोय, ते बघा. पाठीला बसणाऱ्या धक्क्यापेक्षा ते जास्त खरं सांगतं.

समजा साधं 105 रुपये लिटर आणि गाडी लिटरला 12 किलोमीटर देते, तर किलोमीटरला पावणेनऊ रुपये पडतात. 113 रुपयांचं प्रीमियम परवडायला गाडीने जवळपास 13 द्यायला हवेत. 160 च्या 100 ऑक्टेनसाठी सव्वाअठरा, जे होणार नाही. ते भरायचं तर ताकदीसाठी किंवा इथेनॉल टाळण्यासाठी भरा, बचतीसाठी नाही.

भरताना

पंपावर घनतेची तपासणी मागायचा तुम्हाला हक्क आहे, पण तिच्यातून ऑक्टेन कळत नाही. म्हणून जिथे प्रीमियमचा खप चांगला आहे तोच पंप धरा आणि बिलावर पेट्रोलचा प्रकार छापून घ्या. समृद्धीवर हवं ते मिळेल या भरवशावर न राहता नागपुरातूनच भरून निघा. वाटेत कमी ऑक्टेनचंच मिळालं तर गरजेपुरतं घ्या, टर्बोवर जोर न देता चालवा आणि पुढच्या मोठ्या गावी वरून जास्त ऑक्टेनचं भरा. मिसळल्याने बिघडत नाही, आकडा दोन्हींच्या साधारण मध्ये येतो.

योग्य पेट्रोलच्या दोन टाक्या होऊनही चढावर खडखड येत असेल, तर आणखी महाग पेट्रोल शोधू नका. स्पार्क प्लग, कूलंट आणि इंटरकूलरचे पाइप तपासून घ्या.