मागचा ब्रेक कॅलिपर बदलताना या चुका टाळा

शिमग्याला गावी आणलेली गाडी हॅण्डब्रेक ओढून अंगणात ठेवायची, वर अख्खा पावसाळा आणि खारा वारा जाऊ द्यायचा आणि गणपतीत सेल मारून निघायचं म्हटल्यावर मागचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड आवळणारा भाग, जाम होणार नाही तर काय? मग मोबाइलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून मंडळी पाना हातात घेतात. घ्या बापडे, पण निदान पुढचं वाचून घ्या.

सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूच्या शिकंज्याने, पिस्टन (पॅड ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) दाबणं ही सगळ्यांची लाडकी चूक. नव्या कॅलिपरचा पिस्टन आतच असतो. पण कॅलिपर लटकत असताना कुणीतरी उत्साहाने पेडल दाबतो आणि तो बाहेर येतो. पुढच्या चाकाचा पिस्टन दाबला की आत जातो. मागे हॅण्डब्रेकची केबल थेट कॅलिपरला जोडलेली असेल, तर आत स्क्रू असतो आणि बहुतेक गाड्यांत पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो. जात नाही म्हणून क्लॅम्प आणखी आवळलात की कोरा कॅलिपर भंगारात. फिरवायची दिशा डाव्या-उजव्या बाजूला वेगळी असू शकते, मॅन्युअल बघा. हॅण्डब्रेक बटणाचा असेल तर आधी सर्व्हिस मोड, म्हणजे ब्रेकची मोटर मागे सरकते.

दुसरी चूक आमच्या भाच्याची. संध्याकाळी फोन, "मामा, पेडल पार खाली जातंय. नवीन पार्टच खराब निघाला." ब्रेक ऑइलच्या तीन बाटल्या संपवून झाल्या होत्या. भर पावसात गेलो, बॅटरी मारली, तर दोन्ही ब्लीडर निपल (ब्रेकच्या तेलातली हवा काढायची तोंडं) खाली तोंड करून! डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. हवा वर जाते आणि निपल खाली, म्हणजे पहाटेपर्यंत पंप मारला असता तरी एअर निघाली नसती. त्याच्या गाडीत हॅण्डब्रेक डिस्कच्या आतल्या ड्रमला होता, त्यामुळे केबलनेही अडवलं नाही. अदलाबदल केली, पुन्हा एअर काढली, पेडल दगडासारखं. पार्ट खराब म्हणे!

तेव्हापासून मी एका वेळी एकच बाजू खोलतो. दुसरी बाजू बघायला तशीच राहते. वेळ जास्त लागतो, लागू दे.

ब्रेक ऑइलची होज, म्हणजे रबरी नळी, कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर दोन्ही नवेच टाका. जुने घासून बसवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं.

गेल्या वर्षीची अर्धी बाटली? फेकून द्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलाव्याची आपल्याकडे काय कमी! डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, ओलसर झाल्यावर किमान १५५. आंबा घाट उतरताना ब्रेक तापले की हा फरक पायाला कळतो.

आणि कृपा करून गाडीखाली जांभ्याचा चिरा टेकू म्हणून लावू नका. घराच्या भिंतीला तो उत्तम, पण जॅक सुटला तर तडकून दोन तुकडे होतो. जॅक स्टँड घ्या.

पेडल कडक होईपर्यंत पंप केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. भाचा त्या रात्री पेडल कडक झाल्या झाल्या थेट बाजारात निघाला होता. किल्ली काढून घेतली आणि आधी अंगणातच चार फेऱ्या मारायला लावल्या.