युव्हिआयटिसमध्ये स्टेरॉइडचे थेंब: घालायचे कसे, हळूहळू कमी करायचे कसे

युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह. त्यावरचं स्टेरॉइड प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का हे सस्पेन्शन आहे, म्हणजे द्रवात न विरघळलेले कण. औषध तळाशी बसतं. बाटली न हलवता थेंब घातला तर डोळ्यात बरंचसं पाणीच जातं, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ ही तक्रार. नीट हलवा, खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. दुसरा गालावर ओघळतो. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबा. दुसरं औषध ५ मिनिटांनी.

स्टेरॉइड पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला (स्टेरॉइड पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. ही जोडी केंद्रकात जाऊन टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ या दाहाच्या निरोप्यांची निर्मिती दाबते. लाली गेली म्हणून थेंब एकदम बंद केले की निरोप पुन्हा सुरू, दाह उलटतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्यानुसारच कमी करा. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो, तो दर भेटीत मोजून घ्या. वाढला तरी बहुधा दुखत नाही.

दाह मागच्या भागात असेल तर थेंब तिथवर पुरेसे पोहोचत नाहीत. अशा वेळी कधी अडालिमुमॅब हे प्रतिपिंडाचं इंजेक्शन देतात. ते टीएनएफ-अल्फाला रिसेप्टर गाठण्याआधीच धरतं. प्रौढांना आधी ८० मिग्रॅ, आठवड्याने ४०, मग दर २ आठवड्यांनी ४०. त्याआधी क्षयाची तपासणी हवीच: दबलेल्या क्षयजंतूंना गाठीत कोंडून ठेवायला टीएनएफच लागतो.